चाळीत हवा, घरात कोंडमारा

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उन्हाळी कांदा काढून झाला की तो एप्रिल-मेपासून पावसाळा सरेपर्यंत ज्या चाळीत साठवला जातो, त्या चाळीची रचना पाहिली म्हणजे हवेच्या हालचालीचा विचार शेतकऱ्याला किती बारकाईने करावा लागतो हे ध्यानात येते. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो आणि त्यात फटी ठेवलेल्या असतात. बाजूच्या भिंती बांबूच्या किंवा लोखंडी पट्ट्यांच्या, म्हणजे नावापुरत्याच असतात. कांद्याचा थर चार-पाच फुटांपलीकडे रचला जात नाही. आणि एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, तर दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम उभारावी, असा सल्ला शेतीतज्ज्ञ देत आले आहेत. हा सारा खटाटोप करण्याचे कारण असे की काढणीनंतरही कांदा जिवंत असतो, श्वसन करतो आणि उष्णता, पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतो; त्यांचा निचरा झाला नाही तर त्याला सड लागते किंवा कोंब फुटतात. त्याच चाळीशेजारच्या नव्या घरात रात्री झोपणारी माणसेही याच तीन गोष्टी हवेत सोडत असतात, परंतु घर बांधताना त्यांच्या निचऱ्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. काँक्रीटचा स्लॅब, सिमेंटचा गिलावा, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि त्यांवर डासांची जाळी अशा घरात पाऊस, साप, विंचू व धूळ यांपासून मिळणारे संरक्षण खरे असले, तरी आत निर्माण होणारी घाण आतच राहण्याची सोयही त्याच बांधकामाने करून ठेवलेली असते.

हा हिशेब अवघड नाही. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत बाराशे घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर किंवा ३४,००० लिटर हवा मावते. आईवडील व दोन मुले असे चौघे तीत दार-खिडक्या लावून झोपले, तर ते मिळून तासाला अंदाजे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. खोली पूर्णपणे बंद आहे असे मानल्यास पहिल्याच तासात त्यात सुमारे १,५०० भागांची भर पडेल. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत-जात असल्यामुळे वाढ इतकी सरळ होत नाही, तरी पहाटेपर्यंत प्रमाण दोन-तीन हजारांवर जाणे मुळीच नवलाचे नाही. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली, राहत्या खोलीतील हे प्रमाण दहा लाखांत १,००० भागांच्या वर जाऊ नये, असे मत मांडले होते आणि तो आकडा आजही कामचलाऊ कसोटी म्हणून वापरला जातो. मात्र पेटेनकोफर यांच्या कसोटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या पातळीवर हा वायू विषारी नसतो. डोके जड होणे किंवा सकाळी मरगळ वाटणे यापलीकडे त्याचा त्रास सहसा जात नाही. त्याचे महत्त्व सूचक म्हणून आहे, कारण माणसाच्या उच्छ्वासातील हा वायू जर खोलीत साचून राहिला असेल, तर त्याच उच्छ्वासातून आलेली बाष्पे व रोगजंतू, तसेच त्या खोलीत जळालेल्या प्रत्येक वस्तूचा धूर हेही तेथेच साचलेले असणार.

घरातील हवा बिघडवणाऱ्या पदार्थांत सर्वांत घातक ठरतात ते अतिसूक्ष्म कण. ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो, असे कण नाकातील केसांना व श्लेष्म्याला चुकवून फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक मूल्यांनुसार दर घनमीटर हवेत अशा कणांची चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी; भारताच्या २००९ च्या मानकात ही मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. चुलीजवळची हवा या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी पलीकडे असते. संशोधक कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारे कण मोजले, तेव्हा स्वयंपाकाच्या वेळेतील सरासरी घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅमच्या घरात निघाली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत मोठे कणही धरलेले होते, त्यामुळे तिची आजच्या मानकाशी थेट तुलना करता येत नाही. पण मोठ्या कणांचा वाटा वगळला तरी उरणारी तफावत प्रचंड आहे.

दिंडोरीच्या पश्चिमेकडील ननाशीसारख्या डोंगराळ व आदिवासीबहुल भागात जुनी घरे कुडाची असत आणि काही ठिकाणी आजही आहेत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर कौले किंवा गवत अशा घराला वेगळ्या वायुवीजनाची गरज नसे, कारण कौलांच्या सांध्यांतून आणि भिंत व छप्पर यांच्यामधील मोकळ्या पट्टीतून गरम धूर वर चढून आपोआप बाहेर पडे. पठारावरील माळवदाच्या घरांत हेच काम छतात ठेवलेले भोक, म्हणजे साणे करी, तर नाशिकच्या जुन्या वाड्यांत मधल्या चौकातून तापलेली हवा वर जाई आणि सोप्यातली तुलनेने थंड हवा तिची जागा घेई. असे असले तरी या जुन्या घरांचे गोडवे गाताना हात आखडता घेतला पाहिजे, कारण फटींतून धूर बाहेर पडे हे जितके खरे, तितकेच तो बाहेर पडण्यापूर्वी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून व छातीतून जाई हेही खरे. धुराची गरजही होती; माळ्यावर टांगलेली बियाण्याची कणसे त्याने किडीपासून वाचत, छपराच्या लाकडांना वाळवी लागत नसे आणि डास दूर राहत, आणि म्हणूनच धूर काढून टाकण्याच्या सरकारी योजनांना घरातूनच पूर्ण साथ मिळाली नाही. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात धुराडे जोडलेल्या लक्षावधी चुली देशभर बसवल्या गेल्या. परंतु धुराडी काजळीने तुंबल्यावर ती साफ कोणी करायची याची व्यवस्था नसल्यामुळे अनेक चुली निकामी झाल्या आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळण्यात आला. पुढे १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस पोचवला, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच आढळली. सिलिंडर आलेल्या अनेक घरांतही भाकरी व अंघोळीचे पाणी यांसाठी चूल पेटतेच. पूर्वी ती फटी असलेल्या घरात पेटत असे, आता स्लॅबखाली पेटते, हा फरक मात्र फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

चूल नसलेले घर निर्धास्त असते असेही नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तेल कडकडीत तापवून दिलेल्या फोडणीतून सूक्ष्म कणांचा लोट उठतो आणि देवघरातील अगरबत्ती व धूप आपली भर घालतात. सर्वांत दुर्लक्षित राहते ती डास पळवणारी कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात, श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार धूम्रपान न करणाऱ्यांतही मोठ्या प्रमाणावर का आढळतो याची मांडणी केली आणि तीत चुलीच्या धुराला प्रमुख स्थान दिले. डास आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावायच्या आणि आत आलेल्यांसाठी कॉइल पेटवायची, हा शिरस्ता घरात रूढ होऊन बसला आहे. त्यापेक्षा जाळी लावून खिडकी उघडी ठेवणे कितीतरी पटीने शहाणपणाचे आहे.

वायुवीजन म्हणजे आतली हवा बाहेर आणि बाहेरची हवा आत, ठरवलेल्या वाटेने व पुरेशा प्रमाणात जात-येत राहील अशी व्यवस्था. तिला तीन गोष्टी लागतात : आत येण्याची वाट, बाहेर जाण्याची वाट आणि हवेला ढकलणारे बळ. यंत्राविना हे बळ दोन प्रकारांनी मिळते. वारा ज्या भिंतीवर आदळतो तेथे दाब वाढतो व पलीकडच्या भिंतीशी तो कमी होतो, त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील तर हवा घरातून आरपार वाहते. दुसरे बळ उष्णतेचे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिला वर वाट मिळाली तर खालून नवी हवा ओढली जाते. दिंडोरी तालुक्याच्या मोहाडी-जानोरी परिसरातील हरितगृहांच्या माथ्यावर जी उघडी पट्टी ठेवलेली असते, ती याच नियमावर चालते. एकाच भिंतीला दोन खिडक्या ठेवून आरपार वाऱ्याचे काम होत नाही, ही गोष्ट सांगण्याइतकी साधी असली तरी बांधकामात तिचाच सर्वाधिक विसर पडतो.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने खोलीच्या उघड्या भागाचे प्रमाण हवामानानुसार ठरवून दिले असून ते उष्ण व कोरड्या प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकदशांश, तर उष्ण व दमट प्रदेशात एकषष्ठांश आहे. हे मोजताना दारे धरायची नाहीत आणि खिडकीचा जेवढा भाग खरोखर उघडतो तेवढाच मोजायचा, अशी त्यात अट आहे. या अटीपुढे सरकती खिडकी उघडी पडते, कारण दोन काचांपैकी एक नेहमी दुसऱ्यामागे जात असल्याने तीन बाय चार फुटांच्या खिडकीतून फार तर सहा चौरस फूट वाट मिळते. एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला संहितेनुसार किमान बारा व दमट हवामानात वीस चौरस फूट वाट हवी असताना एका सरकत्या खिडकीवर काम भागवणे म्हणजे गरजेच्या निम्म्याने किंवा तिसऱ्या हिश्श्याने भागवणे होय. पूर्वीची दोन झडपांची लाकडी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडत असे. दिसायला ती जुनाट असेल, पण तिच्या बाजूने हा हिशेब आहे.

खिडकी मोठी असून तिच्यासमोर तीन फुटांवर शेजाऱ्याची भिंत असेल तर काय, हा प्रश्न महाराष्ट्राला फार जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा उजेड व हवा आत यावी म्हणून घरांची कौले काढण्यापर्यंत अधिकाऱ्यांची मजल गेली होती. त्या साथीतूनच १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये, असे तो नियम सांगतो. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याएवढी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. दिंडोरी किंवा वणीच्या गावठाणात सामाईक भिंतींच्या जुन्या घरांवर आता दोन-तीन मजले चढत असताना हा नियम लावून पाहिला, तर कित्येक बोळ त्यात नापास होतील. अशा घरात हवा वरून काढावी लागते : जिना जेथे गच्चीवर उघडतो तेथील टोपीच्या भिंतीत उंचावर झडपेच्या खिडक्या ठेवल्या, तर सारा जिना धुराड्यासारखा काम करतो आणि खालच्या खोल्यांतील हवा वर खेचली जाते.

उघड्या खिडक्यांचे सामर्थ्य किती, याचा एक नामी पुरावा पेरू देशाच्या लिमा शहरातील रुग्णालयांतून मिळाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उंच छताचे व मोठ्या खिडक्यांचे जुने कक्ष आणि यांत्रिक वायुवीजनाच्या आधुनिक खोल्या यांची तुलना केली गेली. खिडक्या-दारे उघडी असताना नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलली जात होती, तर यांत्रिक खोल्यांसाठी हा आकडा १२ होता, आणि क्षयाचा संसर्ग होण्याचा अंदाजित धोकाही जुन्या कक्षांतच कमी निघाला. वारा पडला किंवा थंडीने खिडक्या लावल्या गेल्या की हा लाभ उरत नाही, ही नैसर्गिक पद्धतीची मर्यादा आहे आणि यंत्राची गरज तेथूनच सुरू होते.

यंत्रांपैकी घरोघर परवडणारे पहिले साधन म्हणजे एक्झॉस्ट फॅन. आठ बाय दहा फुटांच्या व दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा असते, आणि तासाला पावणेतीनशे घनमीटर हवा ओढणारा पंखा तेथील हवा पाच मिनिटांत एकदा बदलू शकतो. तो शेगडीच्या जवळ व उंचावर हवा, आणि बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा आत येण्यासाठी समोरच्या बाजूला खिडकी किंवा दाराखाली फट हवी. ही दुसरी वाट नसेल तर पंखा आवाज करीत फिरत राहतो आणि हवा जागची हलत नाही. शेगडीवर बसवायच्या चिमणीतही नळीने धूर बाहेर सोडणारी व नळीशिवायची असे दोन प्रकार मिळतात. दुसऱ्या प्रकारात जाळी तेलकटपणा अडवते व कोळशाचा थर वास कमी करतो, पण वायू व वाफ स्वयंपाकघरातच परत सोडली जाते. तिला वायुवीजनाचे साधन म्हणणे कठीण आहे.

न्हाणीघरातील पंखा व झरोका यांचा संबंध थेट जिवाशी आहे. नाशिक परिसरात थंडीत पारा एक अंकी आकड्यावर येतो, तेव्हा न्हाणीघराची खिडकी कागदाने किंवा पुठ्ठ्याने बंद केली जाते आणि आत गॅसचा गीझर चालू असतो. लहानशा बंद जागेतील ऑक्सिजन घटू लागला की गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि भोवळ येऊन माणूस कोसळेपर्यंत धोक्याची जाणीवही होत नाही. राज्यात अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वारंवार येतात. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाणी नळाने आत घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. केवळ एक्झॉस्ट फॅनवर येथे विसंबू नये, कारण हवा आत येण्याची वाट नसेल तर तो पंखा गीझरचीच जळकी हवा अंघोळ करणाऱ्याच्या दिशेने ओढू शकतो.

बाहेरची हवा नेहमीच स्वच्छ असते, हे वायुवीजनाचे गृहीतक दिंडोरीत काही दिवस कोलमडते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी वाचवण्यासाठी बागांतून पहाटे शेकोट्या पेटवल्या जातात आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असल्यामुळे तो धूर वर न जाता वस्तीत पसरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची साखळी सुरू होते, आणि बागेच्या कडेला घर असेल तर ट्रॅक्टरवरील ब्लोअरने उडालेले तुषार वाऱ्याबरोबर थेट खिडकीत येतात. अशा वेळी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेणे आणि फवारणी थांबून वारा स्वच्छ झाल्यावर सर्व बाजूंनी घर उघडणे, एवढे वेळापत्रक पाळले तरी पुष्कळ साधते. औषधांच्या बाटल्या व पुड्या झोपायच्या खोलीत ठेवलेल्या असतील, तर मात्र कोणतेही वायुवीजन पुरे पडणार नाही. त्यांची जागा घराबाहेरच्या कुलूपबंद खोलीतच आहे.

शहरी वळणाच्या बंगल्यांत व सदनिकांत आता वातानुकूलन यंत्र आले आहे, आणि त्याच्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घरोघर बसवले जाणारे सर्वसाधारण स्प्लिट यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत सोडते. बंद दाराआड रात्रभर ते चालले की खोली थंड होते, पण कार्बन डायऑक्साइडचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणेच वाढत जातो. हवा शुद्ध करणारे यंत्रही या बाबतीत उपयोगी नाही, कारण त्यातील हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवत असली तरी वायू तिच्यातून जसेच्या तसे पार होतात. ही अडचण थंड देशांना आधी जाणवली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे इंधन वाचवण्यासाठी घरे हवाबंद बांधली जाऊ लागली, आत दमटपणा व बुरशी वाढली आणि त्यातून उष्णता राखणाऱ्या वायुवीजन यंत्रांचा प्रसार झाला. त्यांत बाहेर जाणारी व आत येणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी, एकमेकींत न मिसळता वाहते आणि उष्णतेची देवाणघेवाण होते; काही प्रकारांत पडद्यातून वाफही पलीकडे जाते. उन्हाळ्यात हेच यंत्र उलट उपयोगी पडते, कारण आत येणारी तापलेली हवा बाहेर जाणाऱ्या थंड हवेमुळे आधीच निवते व वातानुकूलनाचा भार हलका होतो. अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार दोन शयनगृहांच्या एक हजार चौरस फुटी घराला मिनिटाला सुमारे ५३ घनफूट, म्हणजे तासाला ९० घनमीटर ताजी हवा सतत मिळाली पाहिजे. वर्षातले बरेच महिने खिडकी उघडी ठेवता येण्याजोगे हवामान असलेल्या दिंडोरीत अशा यंत्रावर खर्च करण्याआधी खिडक्या नीट करणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र घर हमरस्त्यावर असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असून खोली बहुतेक काळ बंद ठेवावी लागत असेल, तर गाळणी जोडलेले असे यंत्र चैनीत जमा करता येणार नाही.

या तालुक्यात मोठ्या संख्येने उभी राहणारी घरे बंगले नसून घरकुले आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घटकात २०१६ पासून घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलेले असून त्यात स्वयंपाकाच्या स्वतंत्र जागेचाही समावेश आहे. संहितेच्या प्रमाणाने एवढ्या घराला अडीच ते सव्वाचार चौरस मीटर उघडणारी वाट लागते, म्हणजे पूर्ण उघडणाऱ्या तीन बाय चार फुटांच्या किमान तीन-चार खिडक्या, त्याही समोरासमोरच्या भिंतींत. स्वयंपाकाच्या जागी चूल पेटणारच असेल तर धुराड्याची नळी छपराच्या वर निघाली पाहिजे व ती काढून झाडता आली पाहिजे; छताखाली दोन बाजूंना विटांच्या जाळीचे झरोके ठेवले तर रात्री खिडक्या लावल्यावरही थोडी हवा चालू राहते, आणि पश्चिम पट्ट्यातल्या मुसळधार पावसात त्यांवर एक फूट पुढे आलेला सज्जा पुरतो. भिंती उभ्या राहत असताना यासाठी लागतात त्या काही विटा कमी आणि गवंड्याला एक सूचना. गिलावा झाल्यानंतर तेच काम छिन्नी-हातोड्याने भिंत फोडून करावे लागते, आणि घरकुलाचा शेवटचा हप्ता तोवर खर्च झालेला असतो.